इंजिनाला पाजलेलं फुलांचं पाणी

वागिमिनने सबंध आयुष्य दुसऱ्यांच्या गाड्या चालवण्यात घालवलं. जावा बेटावरच्या सुम्बिंग डोंगराच्या अंगावरून आमच्या वातुकुंबुल गावापासून खालच्या शहरापर्यंत उतरणारा रस्ता त्याला तोंडपाठ होता. कुठल्या वळणावर धुकं बसून असतं, कुठल्या पुलापाशी तंबाखूचे ट्रक आडवे येतात, कुठली म्हातारी हात न करताच गाडी थांबणार असं धरून रस्त्यात उभी राहते, सगळं त्याला ठाऊक. पण गाडीच्या कागदावर नाव नेहमी दुसऱ्याचं. संध्याकाळी मालकाच्या दारात गाडी लावायची, किल्ली खिळ्याला अडकवायची आणि चपला फरफटत घरी यायचं.

थांब्याला लागून माझं खाण्याचं दुकान आहे. भात, भाजी, चहा, तळण. मला सगळे यू तारमी म्हणतात. यू म्हणजे थोरली बहीण, आणि माझ्याहून वयानं मोठे बाप्येही तसंच म्हणतात. मी काही हरकत घेत नाही. थोरल्या बहिणीला फाडकन बोलायचा हक्क असतो आणि तो मला सोडायचा नाही.

वागिमिनची बायको कासियेम सोयाबीन आंबवून टेम्पेच्या वड्या करायची आणि केळीच्या पानात बांधून रोज सकाळी माझ्याकडे आणून द्यायची. बोलणं कमी, हसणं जास्त, अशी बाई. नवऱ्याला 'पाकने' म्हणायची आणि तो तिला 'बुने', म्हणजे आपल्या पोरीचा बाप, आपल्या पोरीची आई. आमच्याकडे लेकरू झालं की नवराबायको एकमेकांची नावं विसरूनच जातात. ती पोरगी, विजी, तैवानला कारखान्यात होती.

मालकाची जुनी गाडी सकाळी थांब्यावर यायची तेव्हा तिचा रेडिएटर रात्रभर गळून रिकामा झालेला असायचा. कासियेम टेम्पेची टोपली माझ्या ओट्यावर ठेवायची, माझ्या हौदातून बादली भरून घ्यायची आणि स्वतः बॉनेट उघडून, फडक्यानं झाकण पिळून, आत पाणी ओतायची. वागिमिन चाकाशी बसून विडी ओढायचा आणि म्हणायचा, "पाज बाई, पाज. तुझ्या हातचं प्याल्याशिवाय ही म्हातारी हलत नाही." वर्षानुवर्षं हेच चाललं होतं. गाडीला पोट कुठे आणि तोंड कुठे, हे कासियेमला माझ्या चुलीपेक्षा चांगलं माहीत होतं.

मग विजीने पैसे पाठवले, वागिमिनने होतं नव्हतं ते घातलं, उरलेल्याचे हप्ते बांधून घेतले आणि एक दिवस आमच्या थांब्यावर कोरी पांढरी व्हॅन येऊन उभी राहिली. नऊ माणसांची. सीटवरचं प्लास्टिक त्याने महिनाभर काढू दिलं नाही. बसलं की पार्श्वभागाला घाम यायचा, पण बोलायची सोय नव्हती.

नवी गाडी तशीच रस्त्यावर काढायची पद्धत आमच्याकडे नाही. शुक्रवार आणि आमच्या पाच दिवसांच्या जुन्या आठवड्यातला लेगी एकत्र येतात तो चांगला दिवस बघून सगळ्यांना जेवायला बोलावलं. तांबडी-पांढरी खीर झाली. सात झऱ्यांचं पाणी आणून त्यात गुलाब, मोगरा, पांढरा चाफा आणि केनांगा घातला होता. गावची धर्मकार्यं बघणाऱ्या मोदिनने दुवा म्हटली. वागिमिनने त्या पाण्याने चारी चाकं धुतली, बॉनेटवर शिंपडलं, स्टीअरिंगला बोटं लावली. सगळे आता पानावर बसणार, इतक्यात कासियेमने बॉनेट उघडलं. फडकं घेतलं, झाकण पिळलं आणि नारळाच्या करवंटीने फुलांसकट पाणी आत ओतलं.

"बाहेरून आंघोळ घातलीत," ती म्हणाली, "तहान कुणी भागवायची?"

आम्ही पोट धरून हसलो. सगळ्यांत जास्त वागिमिन हसला. बोट घालून त्याने दिसतील तेवढ्या पाकळ्या बाहेर काढल्या, झाकण लावलं आणि म्हणाला की हिला आता आपल्या घरचं पाणी लागलं, ही काही दुसऱ्याच्या दारात उभी राहायची नाही. मोदिनसुद्धा हसला. हे असं करू नये, हे त्या अंगणात एकाही शहाण्याला सुचलं नाही. मलाही नाही.

ते महिने चांगले गेले. सकाळी शाळेच्या बाई आणि मास्तर, मग बाजारच्या बायका, दुपारी कुणाचं लग्न, कुणाचा दवाखाना. दवाखाना मग त्यांच्याच घरी आला. कासियेमचे पाय सुजायला लागले, अंगाला खाज सुटली, आणि खालच्या शहरातल्या मोठ्या इस्पितळात सांगितलं की दोन्ही मूत्रपिंडं गेली आहेत. आठवड्यातून दोनदा रक्त धुवायला यायचं, सोमवारी आणि गुरुवारी, आयुष्यभर. उपचार सरकारी विम्यात होता, पण जाणं-येणं स्वतःचं. वागिमिन म्हणाला, त्यात काय, गाडी आहे. त्याने मधली सीट तिच्यासाठी ठेवली, उशी घातली, आणि त्या दोन दिवशी त्या सीटवर तो कुणाला बसू देत नसे. ती जाताना बसून जायची आणि येताना आडवी होऊन यायची. रक्त धुतल्यावर माणसात काही राहत नाही. घरी येईपर्यंत एक झोप व्हायची, आणि त्या झोपेवर तिचे पुढचे दोन दिवस निघायचे.

आणि मग दुष्काळात तेरावा महिना. बाजारच्या बायका आणि कोबीची पोती घेऊन वर येताना घाटाच्या शेवटच्या चढावर तापमानाचा काटा एकदम तांबड्यात गेला. वागिमिनने लगेच गाडी बाजूला घेतली, पण तोवर बॉनेटखालून वाफ निघत होती आणि आतून एक कडकडाट झाला. त्यानंतर इंजिन फिरलंच नाही. वॉरंटीची अर्धी मुदतसुद्धा सरली नव्हती. गाडी ओढून शोरूमला नेली. वागिमिनला काही काळजी वाटली नव्हती. नवी वस्तू आहे, त्यांची आहे, ते बघतील.

त्यांनी निरोप धाडला तो गुरुवार होता. म्हणून आधी शोरूम, मग इस्पितळ, असं ठरवून आम्ही तिघं बसने खाली गेलो. कासियेमला धरायला मी.

तिथला सर्व्हिसचा साहेब हांदोको. गोड माणूस. आमच्या जावी लोकांत 'नाही' असं तोंडावर कुणी म्हणत नाही; चहा पुढे केला आणि फार हसलं की ओळखायचं. हांदोकोने चहा दिला, बिस्किटं दिली, विजीची चौकशी केली, आणि मग टेबलावर एक पारदर्शक पिशवी ठेवली. आत उकळून टाकलेल्या चहाच्या चोथ्यासारखं काहीतरी काळं होतं. तो म्हणाला की हे रेडिएटरमध्ये सापडलं. या फुलांनी नळ्या बुजल्या, पाणी फिरेना, इंजिन तापून जाम झालं. बाहेरचा पदार्थ मालकाकडून आत गेला की वॉरंटी राहत नाही, हे पुस्तिकेत लिहिलेलंच आहे. त्याला फार वाईट वाटत होतं. ते त्याने तीनतीनदा सांगितलं.

वागिमिन त्या पिशवीकडे बघत राहिला. मग बायकोकडे वळला आणि सगळ्यांच्या देखत म्हणाला, "बुने, हे काय करून ठेवलंस तू?"

एवढंच. ओरडला नाही. आवाजही चढला नव्हता. पण कासियेमने मांडीवरची इस्पितळाच्या कागदांची पिशवी पोटाशी घट्ट ओढली आणि खाली फरशीकडे बघायला लागली. शेजारच्या टेबलावरचा माणूस लिहायचा थांबला. वागिमिनचा चेहरा त्याच क्षणी पडला, मला दिसला तो. तोंडातून गेलेला शब्द परत कुठे घेता येतो? त्या दिवशी इस्पितळात यंत्राला लावलेल्या बायकोचे पाय तो दोन्ही हातांनी चेपत बसला होता, आणि ती डोळे मिटून होती. ती मला म्हणाली, "यू, मी त्यांचं इंजिन मारलं. जन्मभर वाट बघितली त्यांनी, आणि मी मारलं."

ते वागिमिनने ऐकलं. तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, "फुलांनी लोखंड मरत नाही. त्यांचंच काम कच्चं आहे. मी सरकारकडून लिहून आणतो की यात तुझा काही दोष नाही. लिहून आणतो, बुने."

झालं, तेव्हापासून त्याने तेच घेतलं. शहरात ग्राहकांच्या तक्रारी ऐकणारं सरकारी मंडळ आहे, तिथे त्याने अर्ज घातला. पहिल्या तारखेला मी साक्षीदार म्हणून गेले होते. मंडळाच्या अध्यक्ष एक चष्मेवाल्या बाई होत्या, शांतपणे ऐकून घेणाऱ्या. हांदोकोने पिशवी दाखवली. बाईंनी विचारलं, फुलं कुणी घातली? मला वाटलं, आता हा सांगेल की ठाऊक नाही, आणि खरं सांगायचं तर तसंच त्याने सांगावं असं मला वाटत होतं. पण वागिमिन म्हणाला की माझ्या बायकोने घातली, तिने प्रेमाने घातली, आम्ही ते लपवत नाही. मात्र इंजिन त्याने गेलं हे यांनी सिद्ध करावं. बाईंनी मान हलवली आणि सांगितलं की तटस्थ तपासनीस येऊन इंजिन उघडून बघेल. तो यायचा मोठ्या शहरातून. त्याची तारीख लागेना. लागली की पुढे जायची.

इकडे गावात जिभा चालूच होत्या. आमची माणसं वाईट नाहीत, पण चेष्टेची संधी वाया घालवणं त्यांच्या जिवावर येतं. कासियेमचं नाव 'फुलवाली' पडलं. तंबाखूचा दलाल सुतार्जो माझ्या दुकानात ती बसलेली असताना म्हणाला, "यू, चहा दे, पण फुलं घालू नको, माझं इंजिन जुनं आहे." मी त्याला म्हटलं, तुझं इंजिन बंद पडलेलं तुझ्या बायकोने मला मागच्याच वर्षी सांगितलंय, त्यात फुलांचा काय दोष. दुकान हसलं. कासियेमही हसली. पण दुसऱ्या दिवसापासून टेम्पेची टोपली ती शेजारणीच्या हाती पाठवू लागली.

गाडी नाही म्हटल्यावर इस्पितळात जायचं कसं? वागिमिनने मोटारसायकल उसनी आणली. जाताना ती मागे बसायची. येताना तिला बसवतही नसे, म्हणून तो तिला कापडाने स्वतःच्या पाठीशी बांधून घ्यायचा, ज्या लांब कापडाने बायका लेकरू पाठुंगळी बांधतात त्याच. थंडीत घाट चढताना तिचं डोकं त्याच्या खांद्यावर लोंबकळायचं. दुकानासमोरून ती दोघं जाताना मी बघायची आणि हातातलं काम तसंच राहायचं.

गाड्या गावात नव्हत्या असं नाही. मोदिनने विचारलं, शाळेच्या मास्तरांनी विचारलं. पण कासियेमला संकोच. दुसऱ्याने आपल्यासाठी झिजावं हे आमच्या बायकांना मरणापेक्षा जड जातं. एकदा-दोनदा गेली, मग कुणाची गाडी दारात आली की म्हणायची, आज बरं वाटतंय, आज राहू दे, परवा जाईन. अशी एक फेरी चुकली, मग दुसरी. मी रागावले. तिला म्हटलं, तुझा संकोच घालून कढी कर. ती हसली आणि माझा हात धरून बसली. तिचा हात थंडगार होता.

रोजे सुरू व्हायच्या आधीच्या महिन्यात, न्याद्रानला म्हणजे आपल्या माणसांच्या कबरी झाडून फुलं वाहायच्या दिवसाला थोडे दिवस असताना, हांदोको स्वतः वर आला. बिस्किटांचा मोठा डबा घेऊन. वागिमिनला बोलावून घेऊन माझ्या दुकानातच बसला. त्या दिवशी कासियेमही होती, कारण ऊन चांगलं पडलं होतं आणि मीच तिला ओढून आणून बाकावर बसवलं होतं. हांदोको म्हणाला की कंपनी भांडायला बसलेली नाही. कंपनी माणुसकीखातर नवीन इंजिन बसवून देईल, एक पैसा न घेता. आठवड्याभरात गाडी दारात. फक्त तक्रार मागे घ्यायची आणि एका कागदावर सही करायची, की घरच्या माणसाने, म्हणजे कासियेमने, फुलं आणि पाणी घातल्यामुळे हे नुकसान झालं.

वागिमिनने तो कागद वाचला. हळूहळू वाचला, ओठ हलवत. मग घडी करून टेबलावर ठेवला.

"सही करा, पाकने," कासियेम म्हणाली.

"यात तुझं नाव आहे."

"असू दे की. घातली मीच. त्यात खोटं काय आहे?"

"खोटं आहे. तू इंजिन मारलंस असं लिहिलंय."

"लिहू दे त्यांना. कागद कोण वाचतो? मला न्याद्रानला जायचंय. आई-बाबांच्या कबरी झाडायला दोन वर्षांत गेले नाही. मोटारसायकलवर माझ्यानं तेवढं होत नाही." ती थांबली, श्वास घेतला. "बाबा म्हणायचे, ज्याची स्वतःची गाडी नाही त्या ड्रायव्हरला पोरगी कशी द्यायची. तरी दिली. मला आपली गाडी तिथे फाटकापाशी उभी करायचीय."

"पुढच्या वर्षी जाऊ. हातात निकाल घेऊन जाऊ. ताठ मानेनं."

"पुढच्या वर्षी मला न्यायला गाडी लागायची नाही," कासियेम म्हणाली.

हांदोको चहाच्या ग्लासात बघत होता. वागिमिनने कागदाकडे हात नेला. मला वाटलं, करतो आता सही. त्याने कागद उचललाही. मग म्हणाला, "मी त्यांच्यासमोर तुला बोललो, बुने. ते मला मागे घ्यायचंय. सही केली तर ते खरं झालं." आणि कागद हांदोकोच्या पुढे सरकवला.

मला त्या माणसाचा इतका राग आला होता. तरी डोळ्यात पाणीही आलं. दोन्ही एकदमच आलं, काय करणार. कासियेमने पुन्हा विषय काढला नाही. तशी तिची रीतच नव्हती. मागायचं ते एकदा मागून झालं होतं.

न्याद्रानच्या दिवशी सगळं गाव झाडू आणि फुलांच्या पुड्या घेऊन बाहेर पडलं. कासियेमने पहाटे उठून तांदळाच्या पिठाचे आपेम केले आणि माहेरच्या गावी जाणाऱ्या एका बाईबरोबर पाठवले. मग दारात खुर्ची टाकून बसून राहिली. दुपारी मी भात घेऊन गेले तर म्हणाली, आता पोचले असतील, आता झाडत असतील. आईच्या कबरीपाशी चाफ्याचं झाड आहे, त्याचा पाला फार पडतो, नीट झाडतील ना, एवढंच तिने दोनदा विचारलं.

ईद झाली. तपासनिसाची तारीख लागली, ती नेमकी सोमवारी. वागिमिन घुटमळला. तिचा रक्त धुवायचा दिवस. आदला गुरुवार सुट्टीत गेला होता. पण ही तारीख चुकवली तर पुढची कधी लागेल कोण जाणे. कासियेमनेच त्याला सांगितलं की तुम्ही जा, मला आज अगदी बरं वाटतंय, गुरुवारी जाऊ. त्याचा सदरा तिने इस्त्री करून ठेवला होता. मोदिन गाडी घेऊन आला, तर त्यालाही तिने तेच सांगून परत पाठवलं. मी संध्याकाळी गेले तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती आणि धाप लागल्यासारखा श्वास घेत होती. तरी मला म्हणाली, "त्यांना काही सांगू नकोस, यू. आज ते खुशीत आलेत. तो माणूस म्हणाला म्हणे, पंपाची पाती निखळलीत."

मी सांगितलं. असली वचनं मी पाळत नाही. वागिमिन तसाच मोदिनकडे धावला, गाडीत घालून तिला खाली नेलं. पाणी फुप्फुसात भरलं होतं. मंगळवारी दुपारी ती गेली. आणलं ते मोदिनच्याच गाडीतून, मधल्या सीटवर आडवी. विजीने फोनवर बघितलं आईला. कारखान्याने सोडलं नाही.

निकाल लागला तेव्हा मी बरोबर होते. वागिमिनने तोच इस्त्रीचा सदरा घातला होता. अध्यक्षबाईंनी सगळं वाचून दाखवलं. पाणी फिरवणाऱ्या पंपाची पाती दांड्यावरून निखळली होती, तो कारखान्यातला दोष. फुलं रेडिएटरच्या वरच्या बाजूला थोडी अडकलेली आढळली, पण त्यामुळे पाणी अडलं नव्हतं, इंजिन बिघडण्याशी त्यांचा संबंध नाही. कंपनीने वॉरंटीत नवीन इंजिन बसवून द्यावं. मग बाईंनी चष्मा काढला आणि जरा हसून विचारलं, "फुलं घातली त्या बाई आल्यात का आज? त्यांनी ऐकायला हवं होतं."

"नाही आल्या," वागिमिन म्हणाला. "आज नाही जमलं त्यांना."

हांदोकोला ठाऊक होतं. तो मान खाली घालून उभा होता. बाहेर आल्यावर त्याने वागिमिनचे दोन्ही हात हातात घेतले, आणि या खेपेला तो हसला नाही.

चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला अख्खं गाव आलं. दुवा झाल्यावर वागिमिनने निकालाचा कागद मोदिनच्या हाती दिला आणि वाचायला सांगितलं. मोदिन बिचारा गडबडला, पण त्याने वाचलं. पंप, पाती, दांडा, रेडिएटर, सगळं दुवेच्याच सुरात वाचलं, आणि 'फुलांचा संबंध नाही' असं आलं तेव्हा सवयीने सगळ्यांच्या तोंडून आमीन निघालं. एरवी मी हसले असते. सुतार्जो सगळ्यांत मागे बसला होता, त्याने डोळे पुसले. मग सगळे म्हणू लागले, वागिमिन, शाब्बास तुझी, बायकोचं नाव धुऊन काढलंस, ती वर ऐकत असेल, आता तिचा आत्मा शांत होईल. वागिमिन सगळ्यांना भात वाढत होता.

वरातीमागून घोडं यावं तशी गाडी आली. नवीन इंजिन, आवाजसुद्धा येत नाही. हप्ते थांबत नाहीत, म्हणून तो दुसऱ्याच दिवसापासून रस्त्यावर आला. सकाळी शाळेची माणसं पोचवायची, परत वर येऊन बाजारच्या बायका घ्यायच्या. मधल्या सीटवर आता कुणीही बसतं, तो काही म्हणत नाही.

परवा तो बायका गाडीत बसेपर्यंत माझ्याकडे चहाला आला. गिऱ्हाईक नव्हतं. त्याने ग्लास दोन्ही हातांत धरला होता, पीत नव्हता. त्याने माझ्याकडे न बघता विचारलं, "यू, त्या दिवशी ती सही करा म्हणाली. तिला निकाल नकोच होता, नाही का? तिला गाडी हवी होती."

मी कढई घासत होते. लोक अशा वेळी काय बोलतात ते मलाही येतं. देवाची मर्जी, तू तिच्यासाठीच लढलास, तिला कळलं असेल. चाळिसाव्याला सगळे तेच बोलले होते आणि तो भात वाढत राहिला होता. मला ते बोलवेना.

"हो," मी म्हटलं. "गाडी हवी होती तिला."

"तुला कळलं होतं?"

"सगळ्यांना कळलं होतं, वागिमिन."

त्याने मान हलवली. जणू पुढच्या पुलावर ट्रक आडवा आहे असं कुणी सांगावं आणि आपण बरं म्हणावं, तशी. चहा संपवला, ग्लास स्वतः धुऊन पालथा ठेवला आणि जाऊन गाडीत बसला. दार लावल्याचा आवाज आला. इंजिन सुरू झाल्याचा आला नाही. मी बाहेर येऊन पाहिलं तर तो दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवून समोर बघत होता. मागे बाजारच्या बायका टोपल्या मांडीवर घेऊन बसल्या होत्या. ऊन वर आलं, बाजार भरायची वेळ झाली, कोथिंबीर सुकायला लागली. गाडी का निघत नाही, हे एकीनेही विचारलं नाही.